आवाज फोडण्याची रीत

अजूनही कुणी ना कुणी येतं. कॉलेजातला एखादा पोरगा, नाहीतर भजनी मंडळातले कुणी हौशी गृहस्थ. चहा घेतात, इकडचं तिकडचं बोलतात आणि मग हळूच विचारतात, "तुमच्या आवाजात ती खरखर कशी यायची हो? आणि एवढं गाऊन घसा टिकला कसा?" पहिल्यापहिल्यांदा मला बरं वाटायचं. आता कंटाळा येतो. खरखर कशी काढायची हे दहा मिनिटांत सांगून होतं. पण ती मला कुणी शिकवली आणि त्याची फेड मी कशी केली, हे सांगायला बसलो की अंगातलं त्राण जातं. म्हणून येणाऱ्याला मी अर्धंच सांगतो. इथं एकदा सगळं लिहून टाकतो, म्हणजे पुन्हा तोंड उघडायला नको.

दुसरी मोठी लढाई चालू होती त्या दिवसांतली गोष्ट. आमचं गाव कृष्णाकाठी, कऱ्हाड आणि इस्लामपूरच्या मधे. घरचा थोडा ऊस होता, तो थोरला भाऊ बघायचा आणि मी पोवाडे म्हणत हिंडायचो. मी काही मोठा शाहीर नव्हतो. ज्यांच्या मागं पोलीस लागायचे ते शाहीर निराळे. आम्ही आठवडी बाजारात, जत्रेत, लग्नाच्या मांडवात उभे राहणारे. संच तिघांचा. डफ माझ्या हातात, झांज चुलतभावाच्या आणि तुणतुणं चाचाच्या. मी ओळ म्हणायची आणि मागच्या दोघांनी तिचा शेवटचा शब्द उचलून 'जी जी रं जी' करत लांबवायचा. यालाच झील धरणं म्हणतात. झील धरणाऱ्याकडे कुणी बघत नाही. तो दमला तरी कुणाला कळत नाही.

चाचा गावचा कल्हईवाला. वय पन्नाशीचं, अंगानं काटकुळा, नवसागराच्या धुरानं डोळे कायमचे लाल. गावातल्या तांब्यापितळेच्या भांड्यांना आतून कल्हई करणारा तो एकटाच, त्यामुळं घरोघरची पातेली नि तपेली वर्षातून दोनदा तरी त्याच्या हातातून जायची. पानाचा भारी शौकीन. कमरेला चंची लावलेली आणि भेटेल त्याला विडा करून द्यायचा. "घे गड्या, तोंड लाल कर," म्हणायचा. त्याचा विडा घेतला नाही असा माणूस गावात सापडला नसता.

त्या काळी कर्णे होते ते शहरातल्या सभांना. आमच्यासमोर बैलबाजार असायचा. बैल हंबरतायत, दलाल ओरडतायत, तेलाच्या घाण्यावाल्याशी कुणीतरी भांडतंय आणि त्या सगळ्यावरून आपला आवाज न्यायचा. नुसता मोठा आवाज असून भागायचं नाही. लढाईचा चौक, म्हणजे पोवाड्यातला लढाईचा तुकडा, आला की आवाज फाटल्यासारखा झाला पाहिजे, त्यात खर उतरली पाहिजे, तरच पागोटी हलायची. गोड गळ्याच्या माणसाला लोक म्हणायचे, "ह्याला देवळात बसवा."

म्हणून आमच्याकडे आवाज फोडायची रीत होती. कोरड्या विहिरीच्या काठावर पालथं पडायचं, तोंड आत घालायचं आणि आवाज चिरेपर्यंत ओरडायचं. असं रोज सकाळी, चाळीस दिवस. विहिरीतनं घुमून आलेला आवाज ऐकला की माणसाला वाटायचं, आपण फार मोठे. थुंकीत रक्ताची रेघ दिसली की जाणते मान हलवून म्हणायचे, "फुटला. आता झाला शाहीर." मीही पालथा पडलो होतो. माझी रक्ताची रेघ बघून चुलतभावानं गूळ वाटला होता. आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

चाचाला ही रीत मान्य नव्हती. तो कधी विहिरीवर गेला नाही, पण त्याच्या आवाजात असा खरखरीतपणा होता की झील धरताना माझ्या मानेवरचे केस उभे राहायचे. आणि बाजार उठल्यावर तोच माणूस आपल्या साध्या स्वच्छ आवाजात बैलवाल्याशी गप्पा मारायचा. माझा घसा मात्र प्रत्येक बाजारानंतर दोन दिवस बसलेला. एकदा मी त्याला विचारलंच. तो तेव्हा लिंबाखाली भट्टी लावून बसला होता. एका हातानं चामड्याचा भाता चालला होता.

"ह्यो भाता बघ," तो म्हणाला. "वारा हितनं येतो आन् जाळ तिकडं हुतो. जाळ कमी पडला तर मी भाता जरा लांब वडतो. निखारं मुठीत धरून दाबतो व्हय? तू तेच करतोस. वारा पोटात हाय, आन् तू गळा आवळतोस."

मग त्यानं मला उभं केलं. डोक्यावर पाण्यानं भरलेली घागर आहे असं समज म्हणाला, आणि ती खाली ठेवल्यावर तोंडातून जसा हुंकार निघतो तसा काढ. मी काढला. "त्यात खरखर हाय का न्हाई?" होती. "दुखलं?" नाही. "मग तेवढीच घ्यायची. आदी साधा सूर लाव. त्यो हालायचा बंद झाला की त्याच्यावर ही ठेव, हलक्या हातानं. आन् ठेवताना आवाज मोठा न्हाई करायचा, उलट जरा बारीक कर. लोकास्नी मोठाच वाटतोय." घशात खाजलं, खोकला आला, टोचलं, तर तिथंच थांबायचं, त्या दिवशी पुन्हा त्या वाटेला जायचं नाही. एका चौकात खर दोनदाच, तीही शब्दाच्या तोंडाशी. "पुढचा शबुद तू सोडून दे. मी हाय की मागं. झील कशाला ठेवलीया?"

हे सगळं मी ऐकलं आणि सोडून दिलं. कारण लोकांना फाटका आवाजच हवा होता. तासगावकडचा एक शाहीर होता, त्याचा आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत फाटका. लोक त्याच्यासाठी पाच-पाच कोस चालत यायचे. चाचाचं मोजूनमापून गाणं मला म्हातारपणाचं वाटायचं. आपल्या अंगात रग आहे, आपण का कसर करायची? मी गळ्याच्या शिरा फुगवून गायचो, लोक शिरा बघायचे आणि खूश व्हायचे. चाचा मागून हळूच म्हणायचा, "सोड, सोड, मी धरतो." मी सोडायचो नाही. टाळ्या कुणाला वाटून घ्यायच्या असतात?

त्या साली श्रावणात आम्ही शिराळ्याला नागपंचमीला गेलो. पाऊस नुसता भुरभुरत होता. नाग घेतलेली मंडळी मिरवणुकीतून चालली होती, गाड्यांवर गाड्या, रस्त्यात पाय ठेवायला जागा नाही. अशा गर्दीत आमच्या तीन बैठका ठरल्या होत्या. सकाळी निघताना चाचानं मला विडा दिला, नेहमीसारखा. पहिली बैठक बरी झाली. दुसऱ्या बैठकीला घशात काहीतरी कुसळासारखं अडकलं होतं. चाचा म्हणाला, "आता फुडची मी आन् तुझा भाऊ मिळून रेटतो, तू नुसता डफ वाजीव." मला राग आला. तिसऱ्या बैठकीला मी पहिल्याच चौकात सगळा जोर लावला आणि दुसऱ्या चौकाच्या मध्यावर माझा आवाज गेला. बसला नाही, चिरकला नाही. तोंड उघडं आणि आतून नुसती हवा.

समोर हजारभर माणूस. मी डफ वाजवत राहिलो. चाचानं क्षणभर माझ्याकडे बघितलं, मग तुणतुणं घेऊन एक पाऊल पुढं आला आणि माझी ओळ त्यानं उचलली. उरलेला पोवाडा त्यानं एकट्यानं म्हटला. साधा सूर, आणि मोजक्या जागी ती खर. बाया डोक्यावरचा पदर सारखा करायचं विसरल्या. शेवटी लोकांनी जो आरडाओरडा केला तसा माझ्यासाठी कधी केला नव्हता. खरं सांगायचं तर आवाज गेल्याच्या दुःखापेक्षा ते मला जास्त लागलं.

परत येताना बैलगाडीत चाचा मागं झोपून गेला होता. पुढं चुलतभाऊ माझ्याजवळ सरकला. गाणाऱ्याचा आवाज एकाएकी गेला की आमच्याकडे एकच विचार पहिल्यांदा मनात यायचा. कुणीतरी शेंदूर खायला घातला. शेंदरानं गळा कायमचा जातो, असं सगळे मानायचे. आणि शेंदूर द्यायचा म्हणजे विड्यातूनच, चुना नि काथ यांच्यात तो कळून येत नाही.

"सकाळी इडा कुणी दिल्ता?" भावानं विचारलं.

मी कसाबसा घोगरा श्वास काढून एकच शब्द बोललो. "चाचानं."

मी खोटं बोललो नव्हतो. विडा चाचानंच दिला होता. पुढं कितीतरी दिवस ही सबब मी स्वतःला पुरवली. पण भाऊ कशासाठी विचारतोय हे मला ठाऊक होतं, आणि 'त्यानं तसं काही केलं नाही' एवढं सांगायला मान हलवली असती तरी पुरलं असतं. मान हलवायला घसा लागत नाही.

दोन दिवसांत गावभर झालं. चाचानं शाहिराला शेंदूर घातला, त्याची जागा घ्यायची म्हणून. शिराळ्यात कसा पुढं सरकून गायला ते हजार माणसांनी बघितलेलंच होतं. चाचाची जात आमच्याहून निराळी होती, ही गोष्ट त्या आठवड्यात गावाला एकदम आठवली. आधी कुणाच्या गावीही नव्हती. त्याच्या हातचा विडा लोकांनी बंद केला. आणि जो विड्यातून शेंदूर घालतो तो कल्हईतून काय घालणार नाही? बायकांनी भांडी द्यायची थांबवली. घरोघरी तपेल्यांची कल्हई उडत आली होती, ताक कळकायला लागलं, आमटीला हिरवट चव येऊ लागली. लोकांनी कळकलेलं खाल्लं पण लिंबाखालच्या भट्टीवर कुणी गेलं नाही.

एक दिवस सकाळी चाचा माझ्या दारात आला. आत ये म्हणायला मला आवाज नव्हता. बायकोनं घोंगडं टाकलं. तो बसला नाही. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं तर त्यानं हात वर केला.

"बोलू नगंस. ताण पडंल. नुसती मान हालीव," तो म्हणाला. "तू म्हणलास का, चाचानं घातलं म्हणून?"

मी मान हलवली नाही. होय म्हणून नाही आणि नाही म्हणूनही नाही. उंबऱ्याकडे बघत बसलो. तो जायला वळला. मग म्हणाला, "कोमट पाणी पीत जा. आन् खाकरू नगंस, लय वाईट ते." आणि गेला.

बायको चुलीपाशी उभी राहून सगळं बघत होती. "आवं, सांगा की लोकास्नी," ती म्हणाली. "त्यो तसला न्हाई. तुमास्नी बी ठावं हाय." मी गळ्याला हात लावून दाखवला. ती पुढं काही बोलली नाही, पण त्या दिवशी जेवायला वाढताना तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

पंधरा दिवसांनी चाचाच्या घराला कुलूप दिसलं. भाता, भट्टी, बायकोपोरं घेऊन तो सांगलीला गेला होता.

मला चुलतभावानं भगताकडे नेलं, मग वैद्याकडे. शेंदूर उतरवायचे सगळे उपाय झाले, मीठपाण्यानं ओकून ओकून पोटात आतडी राहिली नाहीत असं वाटायला लागलं. आवाज आला नाही. दिवाळीच्या आधी सांगलीतल्या एका डॉक्टरकडे गेलो. त्यांनी कपाळाला आरसा बांधला, जीभ फडक्यानं धरून बाहेर ओढली आणि लांब दांडीचा एक इवलासा आरसा घशात घालून बराच वेळ बघितलं. चुलतभावानं त्यांना शेंदराचं सांगितलं. डॉक्टर दमलेले होते, बाहेर रांग होती. ते म्हणाले, "शेंदूर खाल्ला असता तर हा पोट धरून आला असता. ह्याच्या स्वराच्या दोन्ही पट्ट्यांवर गाठी आल्यात, राळ्याच्या दाण्याएवढ्या. ओरडून ओरडून. एका दिवसात नाही होत हे, वर्ष-दोन वर्षांचं काम आहे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तीन महिने तोंडातून शब्द काढायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही. नंतर बघू."

बाहेर आल्यावर भाऊ म्हणाला, "डाक्टरला काय कळतंय शेंदरातलं?" आता खरं कळलं होतं आणि मला बोलायची बंदी होती. तसं बघितलं तर मला पाटी-पेन्सिल वापरता येत होती, चौथीपर्यंत शिकलो होतो. जेवताना मीठ हवं असलं तरी मी पाटीवर लिहायचो. चाचाचं नाव एकदाही लिहिलं नाही.

ते तीन महिने फार लांब गेले. गप्प बसून माणूस इतका थकतो हे मला माहीत नव्हतं. लोक यायचे, माझ्याशीही मोठ्यानं बोलायचे, जणू मी बहिरा झालोय. चाचाला शिव्या द्यायचे आणि मी हात जोडून त्यांना निरोप द्यायचो. जाताना म्हणायचे, "किती सोसतोय बघा."

थंडी सरत आली तेव्हा डॉक्टरांनी पुन्हा बघितलं. गाठी बसल्या होत्या. "आता पहिल्यासारखं गायलात तर पुन्हा येतील, आणि मग मी नाही," ते म्हणाले. पहिल्यासारखं नाही तर कसं गायचं, ते मला एकाच माणसानं शिकवलं होतं. उसाच्या फडाकडेला उभा राहून मी डोक्यावरची नसलेली घागर उतरवायला लागलो. हुंकार. मग साधा सूर. सूर हलायचा थांबेपर्यंत दुसरं काही नाही. मग त्याच्यावर तेवढीच खर, हलक्या हातानं, बारीक करून. पोट भात्यासारखं आत घ्यायचं, गळा मोकळा. खाजलं की घरी. कधी पाच मिनिटांत घरी, कधी दोन. असं रोज. महिन्याभरात एक चौक न दुखता म्हणता आला. जिथं मी पूर्वी शिरा फुगवायचो तिथं मान सैल होती आणि आवाज निघत होता तो पहिल्यापेक्षा रांगडा. मी बांधावर बसून रडलो. आनंद त्यात थोडाच होता.

चैत्रात गावची जत्रा आली. मी पुन्हा उभा राहणार म्हणून आसपासची चार गावं लोटली. डफ हातात घेतला आणि पोवाड्याच्या आधी सगळ्यांसमोर भरल्या आवाजात सांगितलं. चाचानं मला काही घातलं नव्हतं. डॉक्टरनं आत बघून सांगितलं, घसा मीच ओरडून बिघडवला. मी गप्प बसलो, ती माझी चूक झाली. लोकांनी शांतपणे ऐकलं. मग पुढं बसलेल्या एका म्हाताऱ्यानं डोळे पुसले आणि मागं वळून म्हणाला, "बघा रं, शेंदूर घातला तरी माफ केलं. ह्याला म्हणत्यात मोठं मन." टाळ्या पडल्या. मी हात वर करून पुन्हा सांगायला लागलो, तर आणखी टाळ्या. गाडीत कुजबुजलेला माझा एक शब्द दोन दिवसांत गावभर गेला होता. हे एवढं मोठ्यानं सांगितलेलं समोरच्या रांगेपलीकडे पोचलं नाही. शेवटी मी डफावर थाप मारली. लोक म्हणाले, आवाज कमावला पोरानं.

पुढच्या आठवड्यात मी सांगलीला गेलो. विचारत विचारत एका बोळात चाचा सापडला. दुसऱ्याच्या दुकानाच्या पायरीजवळ भट्टी लावून बसला होता. आणखी वाळला होता. माझ्याकडे बघून त्यानं भाता थांबवला नाही.

"घसा कसा हाय?"

"बरा हाय चाचा. तुमी सांगितल्यागत गातोय."

"दुखतोय?"

"न्हाई."

"मग चांगलंय," तो म्हणाला.

मी उकिडवा बसलो आणि सगळं एका दमात सांगितलं. गाडीतलं, उंबऱ्यातलं, डॉक्टरचं. जत्रेत सगळ्यांपुढं बोललो तेही सांगितलं. त्यानं विचारलं, "मग लोक काय म्हणालं?" खोटं बोलावं असं फार वाटलं, पण सांगितलं. चाचा हसला. हसता हसता त्याला खोकला लागला आणि बराच वेळ थांबेना. मी म्हणालो, "चला चाचा गावाकडं. मी घरोघरी जाऊन सांगतो."

"दमलो गड्या आता," तो म्हणाला. "हितं मला कुणी वळखत न्हाई. बरं हाय."

तो पुन्हा भाता ओढायला लागला. ऊन वर आलं होतं, चार तास मोटारीत उभ्यानं आलो होतो, माझ्या तोंडाला कोरड पडली होती. त्याच्या शेजारी माठ होता, त्यावर पालथं घातलेलं भांडं. चाचाच्या कमरेला चंची नव्हती हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. मी विचारलं, "चाचा, जरा पाणी देता?"

त्याचा भात्यावरचा हात थांबला. त्यानं माठाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि अगदी साध्या आवाजात, रागाचा लवलेश नसलेल्या आवाजात म्हणाला, "तुझ्या हातानं घे. मी आता कुणाला कायबी देत न्हाई."

मी उठलो, माझ्या हातानं पाणी घेतलं, आणि त्याच्यासमोर उभा राहून प्यालो.